डायलवर २०० मीटर लिहिलंय. चावी किती वेळा उघडलीस?

"पुढच्या महिन्यात तारकर्लीला स्कुबाच्या ओपन वॉटर कोर्सला चाललोय. जुन्यात घेतलेलं सिकोचं एसकेएक्स००७ आहे, डायलवर 'डायव्हर्स २०० मीटर' असं आहे. मे महिन्यात मोहोळला मळ्यातल्या विहिरीत पोहतानाही तेच हातात ठेवायचा विचार आहे. काका, चालेल का? आणि चालेल की नाही हे तपासायचं कसं?" असा तुझा प्रश्न. काका म्हणालास, म्हणून मीही सरळ एकेरीवर येतो.

मॉडेल चालेल. तुझ्या मनगटावरचं घड्याळ चालेल का, ते मात्र आज कुणालाच सांगता येणार नाही, विकणाऱ्यालाही नाही. लोक पहिल्या गोष्टीची महिनाभर चौकशी करतात आणि दुसरी तपासायचं विसरतात.

मी १९८६ पासून सोलापुरात नव्या पेठेच्या बाजूला घड्याळ दुरुस्तीला बसतो. सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे गिरणी कामगार. भोंगा आणि मनगटावरचं एचएमटी यांची वेळ जुळली नाही की माणूस पाळी सुटल्यावर थेट दुकानात. डायव्हिंग फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर शिकलो. दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावचा माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन बसतो, यावर घरात बरीच करमणूक झाली. पण त्यामुळे पाण्यात गेलेलं घड्याळ टेबलावर कसं दिसतं आणि टेबलावरचं घड्याळ पाण्यात कसं वागतं, ही दोन्ही टोकं बघायला मिळाली.

एसकेएक्स००७ हे १९९६ साली आलं आणि २०१९ च्या सुमारास बनायचं थांबलं. आत ७एस२६ हे मशीन. ताशी २१,६०० ठोके, २१ ज्वेल, आणि दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद इतकी चूक कंपनीनंच मान्य केलेली. चावी, म्हणजे वेळ लावायचं कडेचं बटण, ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही आणि चावी फिरवून स्प्रिंग भरता येत नाही; हात हलेल तशी ती भरते. यावर लोक नाकं मुरडतात. दिवसाला ४० सेकंद पुढे पळणारं घड्याळ पाऊण तासाच्या डाइव्हमध्ये सव्वा सेकंद पुढे जाईल, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याखाली घड्याळ किती बिनचूक आहे याला किंमत नाही. ते चालू आहे की बंद, आणि मिनिट काटा अंधारात दिसतो की नाही, याला आहे.

'डायव्हर्स' हा शब्द मात्र फुकटचा नाही. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेल्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे. त्यात लॉटमधली काही घड्याळं नमुन्यादाखल तपासली तरी भागतं. 'डायव्हर्स' लिहायचं तर आयएसओ ६४२५ पाळावं लागतं. त्यात किमान १०० मीटरची क्षमता लागते आणि प्रत्येक घड्याळ वेगळं तपासायचं असतं, तेही लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली. म्हणजे तुझं घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हा २५० मीटरइतका दाब सोसून निघालेलं असणार.

पण तो जन्माच्या वेळचा दाखला झाला. त्यानंतर ते कुणाच्या हातात किती घामात राहिलं, किती जणांनी ते उघडलं, गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा, बदलले की जुनेच परत दाबून बसवले, हे डायलवर लिहिलेलं नसतं. जुन्या बाजारात तर निम्म्या घड्याळांचं काही ना काही बदललेलं असतं. काच बदललेली असते, बेझल (डायलभोवतीची फिरती कडी) बदललेली असते, डायल रंगवून त्यावर अंधारात चमकणारा नवा चकाकी रंग भरलेला असतो. या मॉडेलची मूळ काच सपाट आणि मिनरल जातीची, हार्डलेक्स नावाची. तुझ्या घड्याळाला फुगीर नीलम काच असेल तर ती नंतर बसवलेली आहे. वाईट आहे असं नाही, कधी कधी मूळपेक्षा चांगली असते. पण काचेखालची रिंग कुणी, कशी बसवली यावर सगळं अवलंबून, आणि कारखान्याचा तो दाखला तिथंच संपला.

आता मीटरचं गणित. दर १० मीटर पाण्यामागे साधारण एक वातावरण दाब वाढतो. ओपन वॉटर कोर्सची मर्यादा १८ मीटर, म्हणजे बाहेरून १.८ बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण). तुझं घड्याळ धडधाकट असेल तर त्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यालाही तू पोचत नाहीस. पोहताना हात मारला की दाब कितीतरी पटींनी वाढतो आणि म्हणून २०० मीटरचं घड्याळसुद्धा जपून वापरावं, असं सांगणारे भेटतील. पाण्यात हात फार तर सेकंदाला दोन-तीन मीटर वेगानं हलतो. त्यानं पडणारा जादा दाब अर्धा मीटर खोलीइतकाही भरत नाही. विहिरीच्या कठड्यावरून सहा मीटर खाली सूर मारलास तर पाण्याला भिडताना वेग सेकंदाला अकरा मीटरच्या आसपास, आणि त्याचा दाब सहा मीटर खोलीइतका. पाण्यावर आपटायच्या क्षणी त्याहून मोठा धक्का बसू शकतो, म्हणून मुटका मारताना यांत्रिक घड्याळ काढून ठेवावं असं मी म्हणेन. पण ते मशीनच्या काळजीनं. पाणी शिरेल म्हणून नव्हे.

मग पाणी शिरतं कसं? माझ्या टेबलावर आलेली पाणी शिरलेली घड्याळं बहुतेक हात धुताना, पावसात, विहिरीत, फार तर स्विमिंग पूलमध्ये भिजलेली होती. खोल समुद्रात गेलेलं क्वचित एखादं. याचं कारण गॅस्केट कसा काम करतो त्यात आहे. रबराची रिंग दोन धातूंमध्ये दाबलेली असते. बाहेरून पाण्याचा दाब आला की झाकण आणि काच आणखी आत रेटली जातात, रिंग जास्तच चेपते आणि फट उलट घट्ट होते. जुनं, कडक झालेलं, चपटं पडलेलं रबर खोल पाण्यात कसंबसं तगून जातं, आणि उथळ पाण्यात, जिथं त्याला दाबून धरणारं कुणी नसतं, तिथं घात करतं. आयएसओच्या परीक्षेत मोठ्या दाबानंतर मुद्दाम ०.३ बार, म्हणजे फक्त तीन मीटर इतक्या दाबाखाली तासभर ठेवतात ते म्हणूनच. तेव्हा 'मी कुठं खोल जातोय, विहिरीतच तर उतरतोय' हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नकोस.

विहिरीचं आणखी एक. मे महिन्यात बांधावर काढून ठेवलेलं स्टीलचं घड्याळ उन्हात हातात धरवत नाही. तसंच मनगटावर चढवून थेट पाण्यात गेलास की आतली हवा आकसते. केसमधली हवा ५० अंशांवरून २७ वर आली तर आतला दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. पाऊण मीटर पाण्याइतकी ओढ लागते. आकडा किरकोळ आहे. पण ही ओढ नेमकी त्या उथळ पाण्यातल्या ढिल्या गॅस्केटवर येते. सावलीत पाच मिनिटं ठेव, मग उतर.

पाणी आत यायच्या वाटा तीन: मागचं झाकण, काच आणि चावी. काच क्वचित. झाकण बऱ्याचदा, आणि तिथं आपल्या गावाचा एक खास शत्रू आहे: सुताचा तंतू. चादर आणि टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची घड्याळं उघडली की झाकणाच्या कडेनं घाम आणि सूत यांचा राखाडी लगदा निघतो. झाकण बंद करताना त्यातला एक तंतू गॅस्केटवर आडवा राहिला, तर दिव्याच्या वातीसारखा तो पाणी आत ओढतो. डोळ्याला दिसतही नाही. म्हणून माझ्या टेबलावर टॉवेल नसतो. झाकणाची खाच काडीनं आणि ब्रशनं साफ करायची, भिंगाखाली बघायची, खड्डे आहेत का ते तपासायचं. घामानं स्टीलला खड्डे पडलेले असतील तर नवा गॅस्केटही तिथं पूर्ण टेकत नाही. नव्या रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. व्हॅसलीन नको, काही जातीचं रबर त्यानं फुगतं. आणि ग्रीस पाणी अडवतं हा गैरसमज आहे. अडवते रिंगच, ग्रीस तिला सरकायला आणि मऊ राहायला मदत करतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते चावीबद्दल.

झाकण पाच वर्षांत एकदा उघडतं, काच कधीच नाही. चावी तू उघडतोस, तुझ्या हातानं, भिंग न लावता, कधी घाईत तर कधी अंधारात. तुझ्या घड्याळाला आट्यांची चावी आहे, चारच्या अंकाजवळ. आटे फिरवून ती केसला कसायची असते. आत तिच्या पोटात छोटी रिंग असते आणि चावी फिरेल, ओढली जाईल, दाबली जाईल तशी ती घासते. घड्याळातला हा एकच गॅस्केट रोजच्या वापरानं झिजतो. बाकीचे फक्त वयानं म्हातारे होतात.

माझी फजिती सांगतो. मालवणजवळ माझी खुल्या समुद्रातली तिसरी की चौथी डाइव्ह. तारीख १ डिसेंबर होती, हे इतकं पक्कं लक्षात असण्याचं कारण पुढे आहे. बोटीत बसून सूट चढवताना घड्याळाकडे बघितलं तर तारखेच्या खिडकीत ३१. नोव्हेंबर तीस दिवसांचा, घड्याळाला ते कळत नाही. घड्याळवाल्याच्या हातात चुकीची तारीख? चावी उघडली, तारीख सरकवली, तेवढ्यात इन्स्ट्रक्टरनं मास्क लावून ये म्हणून हाक मारली. चावी आत दाबली. आटे कसले नाहीत. सहा मीटरवर कान मोकळे करताना मनगटाकडे बघितलं तर काचेखाली पाण्याची पातळी दिसत होती, मापाच्या ग्लासात दिसावी तशी, आणि सेकंद काटा निवांत त्यातून फिरत होता. वर आल्यावर इन्स्ट्रक्टरला धंदा काय करतो ते सांगितलं नाही.

पुढचं कामाचं आहे, म्हणून सांगतो. खारं पाणी आत गेलं आणि ते वाळू दिलं, तर काही तासांत स्टील गंजायला लागतं. घड्याळ उन्हात ठेवायचं नाही, तांदळाच्या डब्यात तर नाहीच. बरोबर ओपनर नव्हता. चावी पूर्ण उघडी ठेवून घड्याळ जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बाटलीबंद पाण्यात बुडवलं, दोन-तीन वेळा पाणी बदललं आणि तो डबा मांडीवर घेऊन रात्रभर प्रवास करत सोलापूर गाठलं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, काय आहे डब्यात? सकाळी दुकानात सगळं खोललं, स्पिरिटमध्ये धुतलं. मशीन बऱ्यापैकी वाचलं. चावीचा दांडा आणि त्याखालचे स्टीलचे बारीक तुकडे बदलावे लागले, डायलचा रंग फुगला तो फुगलाच. ते डायल अजून दुकानात काचेखाली ठेवलंय.

तेव्हापासून मी घड्याळ बघताना त्याची चावी वर्षाला किती वेळा उघडावी लागणार याचा हिशेब करतो. तारीख असेल तर ३१ दिवसांचे नसलेले महिने पाच, म्हणजे पाच वेळा ठरलेलंच. तुझ्या घड्याळाला वारही आहे. त्यात हे ऑटोमॅटिक. हातातून काढून दोन दिवस टेबलावर ठेवलं की सुमारे चाळीस तासांनी बंद पडतं, आणि मग पुन्हा चावी उघडून वेळ लावायची. तीन-चार घड्याळं आळीपाळीनं घालणारा हौशी माणूस वर्षाकाठी पन्नासेक वेळा तरी चावी उघडतो. रोज तेच घालणारा रिक्षावाला सात-आठ वेळा. मला विचारशील तर पाण्यासाठी बिनतारखेचं घड्याळ उत्तम. तुझ्याकडे आहे ते तारखेचं, तर कोर्सच्या चार दिवस आधीपासून ते हातातून काढूच नकोस, वेळ आणि तारीख घरी लाव, आणि घरी परत येईपर्यंत चावीला हात लावू नकोस. तारीख चुकीची दिसली तर दिसू दे. कोर्सच्या फॉर्मवरची तारीख मोबाइलमध्ये बघून लिहिता येते.

चावी तपासायची कशी? कोरड्या हातानं उघड. ती आपोआप थोडी बाहेर उसळली पाहिजे. परत बसवताना आत दाबून आधी हलकेच उलटी फिरव. आटा आट्यात पडल्याचा बारीक 'टक्' बोटाला लागतो. मग सुलटी. सुरुवातीला बाटलीच्या झाकणासारखी हलकी जाऊन शेवटी हळूहळू मऊ अडली पाहिजे. खरखर लागली, मध्येच अडली किंवा शेवटी न थांबता नुसती फिरत राहिली तर आटे गेलेत, आणि ते घड्याळ पाण्यासाठी संपलं, जोवर चावी आणि गरज पडली तर तिची नळी बदलत नाही तोवर. पकडीनं कसू नकोस. बोटांनी बसते तेवढी पुरे. जास्त आवळली की रिंग चिरडते आणि आटेही जातात.

आता दाबाची परीक्षा. घरी पाण्याच्या वाटीत रात्रभर ठेवून 'काही झालं नाही' म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. वाटीत दाब किती, तर दोन बोटं पाण्याचा. दुकानात मशीन दोन प्रकारची असतात. एक कोरडं: घड्याळ बंद कप्प्यात ठेवून हवेचा दाब वाढवतात किंवा हवा खेचून घेतात आणि काच किती वाकते ते यंत्र मोजतं. घड्याळ घट्ट असेल तर काच वाकलेली राहते. कुठून हवा झिरपत असेल तर आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि काच परत जागेवर येते. पाण्याचा थेंबही न लावता निकाल मिळतो, पण गळती कुठं ते कळत नाही. दुसरं ओलं: जाड पारदर्शक नळकांडं, खाली पाणी, वर हवा. घड्याळ आधी हवेत लटकवून दाब वाढवायचा, काही मिनिटं थांबायचं, मग पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडायचा. कुठं फट असेल तर दाबात आत गेलेली हवा आता बुडबुड्यांच्या माळेनं बाहेर येते, आणि ती चावीतून येतेय की झाकणातून हे डोळ्यांनी दिसतं. बुडबुडे दिसले की घड्याळ तत्काळ पाण्याबाहेर, दाब पूर्ण उतरायच्या आत. नाहीतर जी हवा बाहेर जाते तिची जागा पाणी घेतं. पहिला एखादा बुडबुडा बेझलखाली अडकलेल्या हवेचाही असतो, त्याला घाबरायचं नाही. माळ लागली तर घाबरायचं.

माझ्याकडे ओलं मशीन आहे, सहा बारपर्यंतचं. तुला १.८ लागणार, तेव्हा पुरेसं आहे. पूर्ण २०० मीटर आणि वर सव्वापट असं २५ बार बघायचं तर पाण्यानं भरलेलं वेगळं यंत्र लागतं, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तुझ्या कामाला त्याची गरज नाही. नवा गॅस्केट आणि सहा बारची खात्री पुष्कळ झाली. पण चार बारलाच माळ लागली तर 'मला दोनच लागणार आहेत' असा सौदा करायचा नाही. गळणारं घड्याळ कुठल्याच खोलीला चालत नाही.

एक परीक्षा तू घरी करू शकतोस, आयएसओमध्येही तीच आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करायचं, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसायचा आणि काचेच्या आतून त्या जागी धुकं धरलंय का ते बघायचं. इतरांना यासाठी गरम पाटा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या सावलीत तासभर ठेवलं तरी काम होतं. उन्हात नको, डायल भाजेल. आतून धुकं आलं तर आत ओल आहे. घड्याळ पाण्यात न्यायचं नाही. धुकं नाही आलं तर आत्ता ओल नाही, इतकंच सिद्ध होतं. उद्या शिरणार नाही याची ती हमी नव्हे, त्यासाठी दाबाचंच मशीन.

यात सोलापूरचा एक फायदा आहे, जो आपण कधी मोजत नाही. झाकण बंद करताना दुकानात जी हवा असते, तीच घड्याळात कोंडली जाते. कोकणात जुलैत उघडून बंद केलेल्या घड्याळात दमट हवा राहते आणि गार पाण्यात उतरल्यावर, गळती नसतानाही, काचेवर आतून वाफ धरते. माणूस घाबरून वर येतो. आपल्याकडची मार्चची कोरडी दुपार या कामाला उत्तम. त्यामुळे सर्व्हिसिंग इथंच करून जा, तिकडे गेल्यावर कुणाकडून झाकण उघडून घेऊ नकोस.

बेझल आणि चकाकी यांचं लवकर उरकतो. बेझल एकाच दिशेनं, उलट्या बाजूला फिरली पाहिजे, तुझ्या मॉडेलला १२० टकटक. एकाच दिशेनं का? खडकाला घासून ती सरकली तरी वेळ जास्तच झाल्यासारखी दिसावी आणि तू लवकर वर यावंस म्हणून. दोन्हीकडे फिरणारी बेझल गड्ड्याच्या जत्रेतल्या घड्याळांना शोभते. हाताला पाणी आणि थोडा साबण लावून फिरवून बघ. ओल्या बोटांनी निसटली तर तारकर्लीच्या वाळूत ती हमखास अडकणार. चकाकी बघायला घड्याळ दिव्याखाली धर, मग अंधाऱ्या खोलीत वीतभर, साधारण २५ सेंटिमीटर अंतरावरून बघ. मिनिट काटा आणि बेझलवरचा बाराचा ठिपका लगेच ओळखू यायला हवा, आणि सेकंद काट्यावरचा ठिपकाही. घड्याळ चालू आहे हे तोच सांगतो. भिंगातून डायलवर रंगाचे कण सांडलेले दिसले तर ते रंगवलेलं डायल आहे आणि एक दिवस तो चुरा मशीनमध्ये जाणार.

पट्टा. पाणी शिरून गेलेली जितकी घड्याळं ऐकलीत, साधारण तितकीच पट्ट्याची पिन सुटून तळाशी गेलेली ऐकलीत. सिकोच्या या डायव्हरला मुळात अडीच मिलिमीटरच्या जाड पिना येतात. जुन्यात घेतलेल्याला बऱ्याचदा कुणीतरी बाजारातल्या बारीक पिना घातलेल्या असतात. भोकात त्या खुळखुळतात. दोन्ही बदल. कापडी एकसंध पट्टा, जो दोन्ही पिनांच्या खालून जातो, तो सगळ्यात भरवशाचा: एक पिन गेली तरी घड्याळ दुसरीवर लटकत राहतं. सूटवरून बांधणार असशील तर खोलीवर सूट दबतो आणि पट्टा ढिला होतो. रबरी पट्ट्याला नागमोडी घड्या असतात त्या या ढिलाईसाठीच. सिकोच्या मूळ पट्ट्यावर खोली आणि मिनिटांचा एक तक्ता उठवलेला असतो. तो शोभेचा समज. कोर्सला शिकवतील तोच तक्ता वापर.

आणि घड्याळ कशासाठी, हे स्पष्ट असू दे. किती खोल आहेस, किती वेगानं वर येतोयस, शरीरात नायट्रोजन किती मुरला असेल, यातलं काहीही घड्याळ सांगत नाही. ते काम डाइव्ह कॉम्प्युटरचं. मी दोन्ही घालतो. कॉम्प्युटर उजव्या हाताला, घड्याळ डाव्या. उतरताना बेझलचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणतो, आणि वर येताना पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा घड्याळावरच मोजतो. खरं सांगायचं तर हौस म्हणून. पण एकदा भाड्याच्या कॉम्प्युटरची बॅटरी डाइव्हमध्येच संपली, तेव्हा किती मिनिटं झाली हे निदान माहीत होतं, आणि शांतपणे वर आलो.

डाइव्ह झाली की बोटीतच गोड्या पाण्यात बुडव, बेझल दोन-तीन फेरे फिरव, वाळू निघू दे. गरम पाणी आणि साबण नको. घड्याळ पूर्ण कोरडं होईपर्यंत चावी उघडायची नाही.

तर निघायच्या दहा-बारा दिवस आधी ये. येताना दोन दिवस मनगटावर घालूनच ये, म्हणजे मशीन किती पळतं तेही यंत्रावर बघता येईल, आणि विकणाऱ्यानं दिलेली जुनी काच, पिना, जे काही असेल ते पुडीत बांधून आण. गॅस्केट बदलून, दाबाखाली बघून दुसऱ्या दिवशी देईन. माळ लागली तर फोन करीन आणि तू ते घड्याळ घरी ठेवून जाशील, हे आत्ताच कबूल कर. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.